हिशेबाची वही : मर्यादा एक, खाती दोन



या सदरात आपण पोस्टाची आवर्ती ठेव, भिशी, वर्षाच्या धान्याची बेगमी, विजेचं बिल असं पुष्कळ काही बोललो आहोत. आजचा विषय मात्र साता समुद्रांपलीकडचा आहे. 'आम्हांला काय करायचंय त्याचं?' असं म्हणून पान उलटू नका. आता घरटी एक मुलगी, सून नाहीतर भाची अमेरिकेत आहे, आणि तिच्या संसाराच्या काळज्या फोनवरून आपल्या स्वयंपाकघरात येतातच की!

नाशिकच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, 'माझी मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते. दर पगाराला तिचे काही पैसे एचएसए नावाच्या खात्यात कापून जातात. आजारपणासाठीच असतात म्हणे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. ती म्हणते, आई, मी त्यातून पैसे पाठवते. मला बरं वाटलं, पण जावईबापू नुसते गप्प बसले. हे पैसे मी घ्यावेत का?'

नाशिकच्या ताई, तुमचं उत्तर देतेच, पण थोडं थांबा. आधी हे खातं म्हणजे काय ते सगळ्यांना कळू दे.

एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. आजारपणासाठी बाजूला टाकलेले पैसे. २००३ च्या डिसेंबरात तिकडे कायदा झाला आणि २००४ पासून ही खाती सुरू झाली. या खात्यात घातलेल्या पैशांवर आयकर नाही, त्यावर मिळालेल्या व्याजावर नाही, आणि औषधपाण्यासाठी काढले तर काढतानाही नाही. एवढी मोकळीक सरकार उगाच कशाला देईल? तर त्याला अटी आहेत, आणि सगळी गंमत (आणि डोकेदुखी) त्या अटींतच आहे.

पहिली अट विम्याची. तिकडे आरोग्यविमा ढोबळमानाने दोन तऱ्हेचा. एकात दरमहाचा हप्ता मोठा, पण आजारी पडलात की विमा कंपनी लवकर पुढे येते. दुसऱ्यात हप्ता कमी, पण वर्षातला पहिला बराच खर्च आपण आपल्या खिशातून करायचा आणि मगच कंपनी दार उघडणार. या रकमेला तिकडे डिडक्टिबल म्हणतात. मी तिला उंबरठा म्हणते. २०२६ सालच्या नियमाप्रमाणे एकट्याच्या विम्याला हा उंबरठा निदान १,७०० डॉलरचा आणि कुटुंबाच्या विम्याला निदान ३,४०० डॉलरचा असला पाहिजे. तरच एचएसए खात्यात पैसे भरता येतात. लसी, वर्षाची तपासणी असल्या प्रतिबंधक गोष्टींना उंबरठा आड येत नाही, एवढं बरं आहे. २०२६ च्या जानेवारीपासून सरकारी विमाबाजारातल्या 'ब्राँझ' नावाच्या स्वस्त योजनाही या खात्याला चालतात. पूर्वी त्यांतल्या बऱ्याच चालत नसत.

इथंच एक सांगून ठेवते. कर वाचतो म्हणून डोळे मिटून उंचावरचा उंबरठा निवडू नये. घरात बाळंतपण येऊ घातलंय, किंवा कुणाला कायमचं महागडं औषध आहे, अशा वर्षी दोन्ही योजनांचा वर्षाचा हप्ता आणि उंबरठा कागदावर शेजारी शेजारी मांडून बेरीज करावी. कर वाचवून दवाखान्यात दुप्पट घालवणं म्हणजे तूप वाचवायला पोळी करपवणं झालं.

आता भरण्याची मर्यादा. २०२६ सालासाठी एकट्याच्या विम्याला ४,४०० डॉलर आणि कुटुंबाच्या विम्याला ८,७५० डॉलर. यापेक्षा जास्त भरायचं नाही. आणि ऑफिसने तुमच्या खात्यात स्वतःहून काही घातलं, तर तेही याच आकड्यात धरायचं. पुष्कळ जणी इथे चुकतात. ऑफिसने दिलं ते बक्षीस, आपलं ते वेगळं, असं वाटतं. तसं नाही.

नवराबायको दोघांचेही विमे असतील तर काय? ही गोष्ट माझ्या भाचीच्याच घरची आहे, तिला विचारून लिहिते आहे.

भाची न्यू जर्सीतच एडिसनला राहते. ती एका प्रयोगशाळेत, जावई दुसऱ्या कंपनीत. तिने आपल्या ऑफिसात स्वतःपुरता विमा घेतला. जावयाने त्याच्या ऑफिसात स्वतःचा आणि दोन्ही मुलांचा. दोन्ही विमे उंच उंबरठ्याचे. २०२४ साली एकट्याची मर्यादा होती ४,१५० डॉलर आणि कुटुंबाची ८,३००. तेव्हा हिने आपल्या पगारातून पुरे ४,१५० भरले. त्याच्या ऑफिसने १,००० घातले होते, वर त्याने ७,३०० कापून घेतले, झाले ८,३००. दोघंही खूष. आपापली मर्यादा आपण काटेकोर पाळली!

२०२५ च्या मार्चमध्ये कराचे कागद भरायला बसले, तेव्हा करसल्लागाराने कपाळाला हात लावला. नियम असा की नवराबायकोंपैकी एकाचाही विमा कुटुंबाचा असेल, तर दोघं मिळून कुटुंबाची एकच मर्यादा. विमे दोन असोत, खाती दोन असोत, ऑफिसं दोन असोत. म्हणजे दोघांत मिळून ८,३०० चालले असते, आणि यांनी भरले १२,४५०. जास्त झाले बरोब्बर ४,१५०.

जास्तीचे पैसे खात्यात तसेच राहिले तर दरसाल सहा टक्के दंडाचा कर लागतो. ४,१५० वर २४९ डॉलर. आणि ते एकदाच भरून सुटका नाही, पैसे तिथे पडून राहतील तितकी वर्षं. पण कर भरायच्या मुदतीआधी, म्हणजे त्या वर्षीच्या १५ एप्रिलच्या आत, ते जास्तीचे पैसे आणि त्यांच्यावर झालेली कमाई बाहेर काढली तर हा दंड लागत नाही. काढलेली रक्कम आपल्या उत्पन्नात धरून साधा कर भरायचा, इतकंच. म्हणजे वेळ होती. पण घरात जुंपली ती निराळ्याच गोष्टीवरून.

'मावशी, हा म्हणतोय तुझ्या खात्यातले काढ,' भाची रात्री साडेदहाला फोनवर. तिच्याकडे दुपार.

'का गं?'

'म्हणतो, माझ्यात ऑफिसचे पैसे आहेत, माझं खातं जुनं आहे, माझं पूर्ण राहू दे. तुझे तेवढेच आहेत जेवढे काढायचेत. हिशेब सोपा होतो.'

हिशेब सोपा होत होता खरा. खातं मात्र तिचं रिकामं होत होतं. आणि जावई काही वाईट माणूस नाही हो! दिवाळीला स्वतः चकल्या पाडतो. त्याला ते सहज वाटलं, एवढंच. आपल्याकडेही फ्लॅटचा हप्ता त्याच्या नावे आणि भाजी-दूध-शाळेची फी हिच्या पगारातून, असं किती घरांत सहजच होतं, नाही का? वीस वर्षांनी फ्लॅट उरतो, भाजी उरत नाही.

मी म्हटलं, थांब जरा. अमेरिकेच्या आयकर खात्याची या खात्यांवर एक पुस्तिका आहे, ९६९ नंबरची. चष्मा लावून वाचत बसले. भाषा रुक्ष, पण एका जागी थबकले. कुटुंबाची मर्यादा नवराबायकोने आपसांत ठरवतील तशी वाटून घ्यावी, आणि काहीच ठरवलं नसेल तर निम्मी निम्मी. बघा हं, आयकर खात्याला जे सुचलं ते आपल्याला सुचत नाही!

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. ती म्हणाली, 'म्हणजे मी भांडायचंच नाही?' म्हटलं, भांडू नकोस, पुस्तिका दाखव. त्या शनिवारी दोघं बसले. निम्मे निम्मे ठरले : तिचे ४,१५० तसेच राहिले, आणि जास्तीचे ४,१५० त्याच्या खात्यातून निघाले. त्याच्याकडे ऑफिसच्या हजारासकट ४,१५० उरले.

कुणी म्हणेल, पैसे एकाच घरातले, खर्चही दोघांच्या आणि मुलांच्या आजारपणावर कुठल्याही खात्यातून करता येतो, मग एवढा आटापिटा कशाला? कारण हे खातं जॉइंट होत नाही. बँकेसारखं दोघांचं नाव घालता येत नाही. ते एकाच माणसाचं. नोकरी सुटली तरी त्याच्याबरोबर जातं, वर्ष संपलं तरी शिल्लक बुडत नाही, म्हातारपणापर्यंत वाढत राहतं. पासष्टीनंतर तर आजारपणाव्यतिरिक्त खर्चालाही काढता येतं, फक्त आयकर भरायचा. त्याआधी मात्र दुसऱ्या खर्चाला हात लावला तर आयकर आणि वर वीस टक्के दंड. अशी वाढती पुंजी बाईच्या नावावर अर्धी तरी असावी, असं मला वाटतं. कुणाला पटो न पटो.

बाहेर नोकरी न करणाऱ्या मैत्रिणींसाठी तर एक फारच महत्त्वाचं. पंचावन्न वर्षं पूर्ण झाली की मर्यादेच्या वर दरसाल आणखी १,००० डॉलर भरता येतात. पण नवऱ्याचे हजार नवऱ्याच्या खात्यात आणि बायकोचे हजार बायकोच्याच खात्यात. दोघांचे मिळून दोन हजार त्याच्या एकट्याच्या खात्यात घालता येत नाहीत. माझी एक नणंद ओहायोत असते. तिथे जन्म गेला, नोकरी कधी केली नाही. तिला वाटे, मी कमवत नाही, माझं कुठलं खातं? अहो, या खात्याला स्वतःची कमाई लागत नाही. नवऱ्याच्या अशा विम्यात तिचं नाव आहे, दुसरा कुठला विमा नाही, मेडिकेअर सुरू झालेलं नाही, एवढं पुरतं. यंदा ती दोघं मिळून ८,७५० आणि वर दोन हजार, म्हणजे १०,७५० भरू शकतात, पण तिचं खातं उघडलं तरच. साठीच्या उंबरठ्यावर तिच्या नावाचं हे पहिलं खातं!

मेडिकेअर म्हणजे तिकडचा पासष्टीनंतरचा सरकारी विमा. तो सुरू झाला की भरणा बंद. उशिरा अर्ज केला तर तो सहा महिन्यांपर्यंत मागे जाऊन लागू होतो, म्हणून अर्जाच्या सहा महिने आधीच भरणं थांबवायचं. साठलेले पैसे वापरायला मात्र हरकत नाही.

आता एक छुपा खड्डा. काही ऑफिसांत एफएसए नावाचं दुसरं खातं असतं, फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. नावं इतकी सारखी की माझाही दोनदा घोटाळा झाला. यातले पैसे साधारण त्याच वर्षात खर्चावे लागतात, पोळीसारखं आजचं आज. नवऱ्याने ऑफिसात हे सर्वसाधारण आजारपणाचं खातं घेतलं असेल, तर त्यातून बायकोचाही खर्च भागतो असं धरतात, आणि तेवढ्यामुळे बायकोला एचएसएमध्ये एक डॉलरही भरता येत नाही! तिने कागदावर काहीही चूक केलेली नसताना. फक्त दात आणि डोळे यांपुरतं मर्यादित खातं असेल तर चालतं. तसंच नवऱ्याने आपल्या साध्या, कमी उंबरठ्याच्या विम्यात बायकोचं नाव घालून ठेवलं असेल तरी तिचा हक्क जातो. तेव्हा दरवर्षी शरद ऋतूत तिकडच्या ऑफिसांत विम्याचे फॉर्म येतात, ते दोघांनी एका टेबलावर बसून भरावेत. त्याने त्याच्या ऑफिसात, तिने तिच्या ऑफिसात, असं नको.

वर्षाच्या मधेच नोकरी बदलली तर महिन्यांनी मोजायचं. महिन्याच्या पहिल्या तारखेला योग्य विमा असेल तर तो महिना धरायचा. कुटुंबाचा विमा सहा महिने होता, तर ८,७५० चे अर्धे, ४,३७५. एक सवलत अशी की १ डिसेंबरला तुम्ही पात्र असाल तर पुऱ्या वर्षाचं भरू शकता. मात्र पुढचं अख्खं वर्ष, ३१ डिसेंबरपर्यंत, तसाच विमा टिकवावा लागतो. मधेच बदलला तर त्या जास्तीच्या रकमेवर आयकर आणि वर दहा टक्के. जिच्या घरी नोकरीचा किंवा व्हिसाचा भरवसा नाही, तिने या सवलतीच्या वाटेला जाऊ नये. महिने मोजून भरावं.

भरणा पगारातून करावा. तसा केला तर आयकराबरोबर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांसाठी कापले जाणारे ७.६५ टक्केही त्या पैशांवर वाचतात. वर्षअखेर राहून गेलं असेल तर पुढच्या १५ एप्रिलपर्यंत आपल्या हाताने भरता येतं, पण ही ७.६५ टक्क्यांची बचत मिळत नाही. आणि न्यू जर्सीवाल्यांनो, कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमची राज्यं ही सवलत मानत नाहीत. तिथला राज्याचा आयकर भरावाच लागतो. सूनबाई 'सगळा कर माफ' म्हणाली तर तिला हे हळूच सांगा.

तर नाशिकच्या ताई, आता तुमचा गुडघा.

या खात्यातले पैसे करमुक्त काढता येतात ते स्वतःसाठी, जोडीदारासाठी आणि कराच्या कागदावर अवलंबून म्हणून धरता येणाऱ्या माणसांसाठी. भारतात राहणारे भारतीय आईवडील तिकडच्या कायद्यात सहसा त्यात बसत नाहीत. तुमच्या लेकीने तुमच्या ऑपरेशनला त्यातून तीन हजार डॉलर काढले, तर तिला त्यावर आयकर आणि वर वीस टक्के, म्हणजे सहाशे डॉलर नुसता दंड बसेल. जावईबापू बहुधा म्हणूनच गप्प बसले असतील. मन लहान आहे म्हणून नव्हे. लेकीला द्यायचंच असेल तर तिने तिच्या साध्या बचतीतून द्यावं, आणि तुम्ही ते आनंदाने घ्यावं. त्यात कमीपणा मानू नका.

उलट एक गोष्ट तिला जरूर सांगा. पुढल्या वेळी ती नाशिकला येईल आणि तिथल्या दंतवैद्याकडे दाढेला टोपी बसवून घेईल, तर तो तिचा स्वतःचा खर्च या खात्यातून चालतो. परदेशात केला म्हणून अडत नाही. पावती मात्र नीट घ्यायची : नाव, तारीख, काय केलं, किती घेतले. हौसेने दात शुभ्र करून घेतले तर ते चालत नाही. चष्मा चालतो, आणि २०२० पासून साधी औषधं चिठ्ठीशिवाय चालतात, मासिक पाळीचे पॅडसुद्धा चालतात. विम्याचा नेहमीचा हप्ता चालत नाही. आणि पावतीला मुदत नाही! खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल तर आज खिशातून भरून पैसे दहा वर्षांनी काढले तरी चालतात. माझी भाची पावत्या एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवते. मी म्हटलं, फोटो काढून ठेव गं, ती शाई उडते.

राहता राहिलं वारसाचं. खातेदार गेला आणि वारस म्हणून जोडीदाराचं नाव असेल, तर ते खातं जसंच्या तसं जोडीदाराचं होतं, कर न लागता. दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर खातं त्याच दिवशी बंद धरतात आणि ती सगळी रक्कम त्या माणसाचं उत्पन्न म्हणून करात येते. भाचीने हे वाचून जावयाचं खातं उघडून पाहिलं. लग्नाआधीचं खातं ते, वारस म्हणून त्याच्या आईचं नाव. साहजिकच आहे, तेव्हा दुसरं कोण होतं? त्याला विचारायला ही संकोचली. शेवटी सासूबाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्या होत्या, त्यांच्याच कानावर गोष्ट गेली. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, 'अरे, माझं नाव काढ आणि हिचं घाल. आणि हिच्या खात्यावर तुझं आहे ना, तेही बघून घे.'

तिच्या खात्यावर कुणाचंच नव्हतं. त्याच रात्री दोन्ही भरून टाकली.